न उकळलेली काच

मी एक जुनी काचेची सिरिंज आहे. वीस सीसीची. अंगावर निळ्या रेघा, दांडा पोलादी, स्वभाव खुनशी.

मित्रांनो, फाटक्या छत्रीची आणि पडक्या शाळेची कहाणी तुम्ही वाचली असेल. त्या शेवटी तुमच्याकडे मायेने बघतात आणि तुमचे डोळे भरून येतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मीही हजारो डोळ्यांत पाणी आणलं आहे, पण ते मायेने नव्हे.

माझा जन्म ज्या देशात झाला तो देश आता नकाशावर नाही. कारखान्यात बायका काच फुंकत आणि पुरुष दांडे घासत. प्रत्येक नळीचा दांडा वेगळा, तिच्याच मापाने घासलेला. माझ्या नळीवर आणि दांड्यावर एकच आकडा कोरला आहे, एकशे सत्तेचाळीस. दुसऱ्या कुणाचा दांडा मला बसत नाही आणि माझा दुसरीला चालत नाही. इतकी निष्ठा माणसांच्या लग्नांत मी फारशी पाहिली नाही.

माझी नेमणूक क्रिवी रिह नावाच्या लोखंडाच्या खाणींच्या शहरात झाली, खाणकामगारांच्या वस्तीतल्या दवाखान्यात. तिथल्या नर्स होत्या अँतोनिना पाव्हलिव्हना. वस्तीत त्यांना सगळे नुसतं ‘पाव्हलिव्हना’ म्हणत, आणि तेही उभं राहून. त्या वस्तीत सगळंच लोखंडाच्या धुळीने तांबडं होतं. खिडक्या तांबड्या, बर्फ तांबडा, लोकांची थुंकीसुद्धा तांबडी. पांढरं असं एकच, पाव्हलिव्हनांचा कोट. आणि स्वच्छ असं एकच, मी.

कारण त्या मला उकळत. रोज. चपट्या पत्र्याच्या डब्यात फडकं अंथरून त्यावर मला निजवायच्या, नळी वेगळी, दांडा वेगळा, सुया वेगळ्या, आणि शेगडीवर चाळीस मिनिटं. एकोणचाळीस नाही. एकदा खाणीचे मोठे साहेब कमरेत उसण भरली म्हणून आले आणि घड्याळ दाखवू लागले. बाहेर मोटार थांबली होती.

“पाव्हलिव्हना, चला की. वीस मिनिटं झाली ना?”

“बसा साहेब,” त्या म्हणाल्या. “ते पाणी काही तुमच्या हाताखाली कामाला नाही.”

साहेब बसले. चाळीस मिनिटांनी पालथे झोपले. ते माझे सोन्याचे दिवस होते. मी घोड्याला टोचायच्या सुईएवढी, म्हणून पोरं मला ‘घोडी’ म्हणत आणि दारातूनच भोकाड पसरत. मोठी माणसं म्हणत, पाव्हलिव्हनांचा हात हलका आहे. हात त्यांचा, पण मुळात आत जात होते ती मी. माझं नाव कोणी घेतलं नाही. ती नोंद मी तेव्हाच करून ठेवली.

मग प्लास्टिकच्या आल्या. हलक्या, पोकळ, कागदात गुंडाळलेल्या, एकदा टोचलं की कचऱ्यात. मला वाटलं, ही कसली नोकरी? ना ओळख, ना अनुभव, ना म्हातारपण. पण वरून हुकूम आला आणि आम्हा काचेच्यांना पोत्यात भरलं. पाव्हलिव्हनांनी मला एकटीला बाहेर काढलं, गॉजमध्ये गुंडाळलं आणि डब्यासकट घरी नेलं. घरात कपाटाच्या तळाशी, खारवलेल्या टोमॅटोंच्या बरण्यांमागे, माझी रवानगी झाली. तिथे मी नऊ वर्षं होते. अंधारात पडलेलं माणूस देवाचं नाव घेतं म्हणतात. मीही बरीच नावं घेतली, पण त्यांत देवाचं नव्हतं.

मला बाहेर काढलं ते लारिसाने. ती पाव्हलिव्हनांची एकुलती एक मुलगी. खाणीत खनिज वाहणाऱ्या पट्ट्यावर कामाला होती. तिचा नवरा रुस्लान ट्राम चालवायचा. दोघं काढ्याचे होते. म्हणजे खसखशीच्या वाळक्या बोंडांचा जो काढा आमच्याकडे घरोघर स्वयंपाकघरात व्हायचा आणि शिरेतून घेतला जायचा, त्याचे. पाव्हलिव्हनांना ते ठाऊक होतं. ठाऊक असून त्यांनी घर सोडायला सांगितलं नाही. फक्त एवढंच म्हणत, “सुया आपल्या आपल्या वापरा. दुसऱ्याची घेऊ नका, आपली देऊ नका.” दोघांनी हे आयुष्यभर पाळलं. बारशाचं नाव विसरावं, पण हे विसरू नये, इतकं पाळलं.

काढा करायचा झाखार. पाच मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर त्याचं घर. पूर्वी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा, म्हणून सगळे त्याला ‘प्रोफेसर’ म्हणत. दुपारी त्याच्याकडे पाच-सहा जण जमत आणि वाटणीवरून भांडत. पातेल्यातून ज्याने त्याने डोळ्यांच्या अंदाजाने ओढायचं, आणि डोळे तर अधाशी. लारिसा या भांडणांना कंटाळली. एके दिवशी तिने बरण्यांमागून मला काढलं आणि झाखारच्या टेबलावर ठेवलं.

“ही घे. आईची आहे. हिच्यात खोट नसते. आता मोजून वाट आणि तोंडं बंद करा सगळ्यांची.”

झाखारने मला उजेडात धरलं. निळ्या रेघांवरून नख फिरवलं. “वा!” तो म्हणाला. “ही काच आहे काच. ते प्लास्टिक म्हणजे घाण धरायची जागा. काचेला काही होत नाही, लारा.”

तेव्हापासून मी त्या स्वयंपाकघरातली न्यायाधीश झाले. झाखार मला पातेल्यात बुडवून भरायचा. मग एकेकाने आपली छोटी सिरिंज पुढे करायची. प्रत्येकाची आपली, बरं का. कुणी तिला तांबडा दोरा बांधलेला, कुणी चिकटपट्टी लावलेली. झाखार माझी सुई त्यांच्या नळीत घालून मोजून तीन सीसी सोडायचा. मधेच मला पेल्यातल्या पाण्यात एकदा खळाळायचा, पुन्हा पातेल्यात बुडवायचा, आणि मग पुढचा. पेला एकच. पहिल्याच्या वेळी त्यातलं पाणी पाण्यासारखं असायचं, शेवटच्याच्या वेळी फिक्क्या चहासारखं.

भांडणं थांबली. लोक म्हणायचे, “प्रोफेसरकडे न्याय आहे.” मला पुन्हा नाव मिळालं, पुन्हा काम मिळालं. फक्त एक गोष्ट मिळाली नाही. तीन वर्षांत एकदाही मला कोणी उकळलं नाही.

लारिसाच्या एकदा मनात आलं होतं. “प्रोफेसर, आई हिला उकळायची,” ती म्हणाली.

“काढा उकळलेला आहे ना?” झाखार म्हणाला. “उकळलेल्यात काय जगणार आहे? मी बारा वर्षं शिकवलंय, बाई.”

लारिसाला चाळीस मिनिटांचा लहानपणापासून कंटाळा. तिने आपली छोटी सिरिंज पुढे केली.

मित्रांनो, इथे मला खरं बोललं पाहिजे. मी चिडले होते. दवाखान्याने फेकलं, अंधारात डांबलं, आणि बाहेर काढलं तर असं, कालच्या रक्ताची पुटं घेऊन आजच्या पातेल्यात. बाकीच्यांच्या रागाला हात-पाय लागतात. मला तर सुई होती. एकाच्या नळीतून जे लागायचं ते मी दुसऱ्याच्या नळीत नेऊन ठेवायचे. निवडून नाही, पाहून नाही. मोजून तीन सीसी, सगळ्यांना सारखं. न्याय म्हणजे न्याय.

तिसऱ्या वर्षी रुस्लान खोकू लागला. लोक म्हणाले, ट्राममधली थंडी. मार्चमध्ये तो क्षयाच्या वॉर्डात गेला. नुसता क्षय नव्हता, तपासलं तेव्हा एचआयव्ही निघाला. लारिसाला तपासलं, तिलाही निघाला. एप्रिलमध्ये रुस्लान वारला.

त्याचं चाळिसाव्या दिवसाचं जेवण, तुमच्याकडच्या तेराव्यासारखं, झाखारच्याच टेबलावर झालं. रुस्लानच्या जागी व्होडकाचा पेला ठेवून त्यावर पावाची चकती ठेवली होती. मला त्या दिवशी धुऊन खिडकीत ठेवलं होतं. लारिसाने चमचा खाली ठेवला.

“आम्ही कधी कुणाची सुई घेतली नाही,” ती म्हणाली. “कधीच नाही. तरी झालं. म्हणजे कुणीतरी केलं.”

“कोण करेल, लारा?” झाखार म्हणाला.

“बोदान.”

बोदान दारापाशी स्टुलावर बसून कोबीचं सारण भरलेला पाव, ज्याला आमच्याकडे पिरोग म्हणतात, तो दोन्ही हातांनी खात होता. सहा वर्षं तुरुंगात काढून दोन वर्षांपूर्वी वस्तीत परतलेला हा माणूस, मान आत ओढून बसायचा. त्याची एक रीत होती, तिच्यामुळे तो कुणालाच आवडत नसे. तो सगळ्यांच्या आधी यायचा, खिशातून आपली औषधाची छोटी बाटली काढायचा आणि म्हणायचा, “प्रोफेसर, यात पातेल्यातून ओत. ती काच नको.” ओतताना सांडायचं, त्यामुळे त्याला नेहमी कमीच मिळायचं. तरी हेच. वर सिरिंज प्रत्येक वेळी नवी, आपल्यासमोर कागद फाडून काढलेली.

“राजेसाहेबांना आपली काच घाण वाटते,” लोक म्हणायचे.

“स्वतःलाच काहीतरी आहे त्याला,” लारिसा म्हणायची. “उगाच कोण एवढं जपतं? लपवायचं असतं म्हणून जपतात.”

आता तिने सगळ्यांसमोर बोट दाखवलं. बोदानने तोंडातला घास गिळला.

“मला नाहीये,” तो म्हणाला.

“नाहीये म्हणे! तुरुंगातून आलास आणि तुला नाही, आणि माझ्या नवऱ्याला आहे? एकदा तो इथे झोपला होता, तू एकटा जागा होतास. तूच टोचलंस. तुझीच सुई.”

“लारा, मी कशाला...”

“चाळीस दिवस झाले. त्याचा जीव सुटला. आता मी तुझं बघते.”

बोदान उठला, टोपी घातली आणि पिरोगचा उरलेला तुकडा खिशात टाकून निघून गेला. तो तुकडाही त्याच्याविरुद्ध पुरावा धरण्यात आला.

पुढच्या गुरुवारी लारिसा सगळ्यांच्या आधी आली. झाखार आत पातेल्याशी खुडबुड करत होता. ती माझ्याजवळ खिडकीपाशी उभी राहिली, दंडाला पट्टा आवळला आणि एका छोट्या सिरिंजेत आपलंच रक्त ओढून घेतलं. टोपण लावून ती सिरिंज स्वेटरच्या बाहीत सरकवली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “त्याने जे दिलं ते त्याला परत. तो बाटली पुढे करायला वाकला की मानेत.” तिचा आवाज शांत होता. वाण्याकडे फुटकी अंडी परत न्यायची असावीत तसा.

मला सांगायला लाज वाटत नाही, मला ते आवडलं. इतक्या वर्षांनी माझ्या जातीचं कुणी भेटलं होतं.

पण त्या दिवशी दार वाजलं आणि आत आल्या पाव्हलिव्हना.

झालं होतं असं, ते मला नंतर बोलण्यातून कळलं. आदल्या दिवशी टोमॅटोची बरणी काढताना त्यांच्या हाताला पत्र्याचा डबा लागला. हलका लागला. त्यांनी लारिसाला विचारलं, “घोडी कुठाय?”

“प्रोफेसरकडे. मोजायला. तीन वर्षं झाली.”

“उकळतं कोण?”

“कोण उकळणार आई?”

पाव्हलिव्हनांनी डब्याचं झाकण लावलं. खाली बाकावर तिमूर बसला होता, त्याच्याकडे गेल्या. तिमूर पूर्वी काढ्याचाच माणूस, आता सोडलेला, पाठीवर पिशवी घेऊन वस्तीत नव्या सिरिंजा वाटायचा, जुन्या पिवळ्या डब्यात गोळा करायचा, तपासणीला घेऊन जायचा. आमच्याकडे ‘सोडा’ म्हणून सांगणारे पुष्कळ येऊन गेले होते. सोडेपर्यंत जिवंत राहा, असं सांगणारा तो पहिलाच. पाव्हलिव्हनांनी त्याला माझ्याबद्दल सांगितलं तेव्हा तो डोक्याला हात लावून बसला म्हणे.

“आजी, चार वर्षं मी यांच्या दारात सुया ठेवतोय. सगळ्यांना विचारतो, सुई कुणाची? म्हणतात, आपापली. वाटायची कुणाची, हे मी मूर्खाने कधी विचारलंच नाही.”

असे ते दोघं चौथ्या मजल्यावर आले. पाव्हलिव्हनांनी पांढरा कोट घातला होता. दहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या बाई, पण कोटाला इस्त्री होती. बसलेले सगळे उभे राहिले. बोदानसुद्धा, बाटली हातात घेऊन. लारिसा त्याच्यापासून दोन पावलांवर होती, हात बाहीत.

“काढा नंतर,” पाव्हलिव्हना म्हणाल्या. “आधी पाणी. प्रोफेसर, स्वच्छ पातेलं आण. आणि सगळ्यांनी आपापल्या सिरिंजा टेबलावर ठेवा. रोज बसता तशा ओळीने.”

“हे काय आता, पाव्हलिव्हना,” झाखार म्हणाला, “तपासणी की काय?”

“तू बारा वर्षं शिकवलंस ना रे? मग आज शीक.”

त्यांनी पातेल्यात साधं पाणी ओतलं. कोटाच्या खिशातून एक छोटी बाटली काढली. बीट किसून पिळलेला रस होता तो, गडद. ओळीतली एक सिरिंज उचलून त्यांनी तिच्यात तो रस ओढला आणि पुन्हा बाहेर सोडून दिला. आत उरला तो फक्त डाग. दोन थेंबांइतका.

“आई, ती माझी आहे,” लारिसा म्हणाली.

“ठाऊक आहे. दुसऱ्या कुणाच्या लेकराला चोर कशाला ठरवू? तुझीच घेतली.” मग त्या झाखारकडे वळल्या. “वाट आता. रोज वाटतोस तसं. उगाच शहाणपणा करू नकोस.”

झाखारने आधी बोदानच्या बाटलीत पातेल्यातून पाणी ओतलं. मग मला भरलं. पहिल्याच्या सिरिंजेत तीन सीसी, पाण्यासारखं पाणी. दुसऱ्याच्या, तसंच. मग लारिसाच्या सिरिंजेत माझी सुई गेली. बाहेर आली तेव्हा टोकाला तांबूस बारीक थेंब होता. मी तो लपवू शकत नव्हते. काच आहे ना मी. झाखारने मला पेल्यात खळाळलं. पेल्यात एक गुलाबी दोरा सुटला आणि पसरला. मग त्याने मला पातेल्यात बुडवलं.

“थांब,” पाव्हलिव्हना म्हणाल्या. “लारानंतर कोण बसायचं?”

सगळ्यांना ठाऊक होतं.

“रुस्लान,” लारिसा म्हणाली.

पाव्हलिव्हनांनी पिशवीतून एक नवी सिरिंज काढली, कागद फाडला, लारिसाच्या सिरिंजेशेजारी ठेवली. “हं, ही त्याची. कोरी आहे. त्याने कधी कुणाची घेतली नाही. वाट.”

रुस्लानच्या कोऱ्या सिरिंजेत पाणी उतरलं, आणि ते गुलाबी होतं. फार नाही. मुलीच्या फ्रॉकचा रंग असावा इतकं. पुढच्याच्यात गुलाबी. त्याच्या पुढच्याच्यातही. मग पातेलं बघितलं तर तेही. पेला तर विचारूच नका.

बोदानच्या बाटलीतलं पाणी तेवढं स्वच्छ होतं. त्याने ती खिडकीच्या उजेडात धरली. मग हळूच खाली ठेवली, जणू तिचीच त्याला लाज वाटली.

“तुरुंगात अशीच एक होती,” तो म्हणाला. “मोजायची. बराकीत एकोणीस जण होतो. मी बघितलंय.”

“मग बोलला का नाहीस?” झाखार ओरडला. “दोन वर्षं माझ्या घरात येतोस, मग बोलला का नाहीस, भिकारड्या?”

“बोललो ना. ती काच नको, म्हणालो. रोज म्हणालो. तुम्ही राजेसाहेब म्हणालात.”

लारिसा दोन पावलांवर उभी होती. बोदानची मान तिच्याकडे होती. मी तिच्या बाहीकडे बघत होते. खरं सांगते मित्रांनो, त्या क्षणापर्यंत मला वाटत होतं, ती मारेल. इतका राग जमवल्यावर तो कुठेतरी टाकावा लागतोच, चुकीच्या जागी का होईना. तिने बाहीतून सिरिंज काढली. तिमूरने ती बघितली, पण तो ओरडला नाही. त्याने पिवळ्या डब्याचं झाकण उघडून डबा तिच्यापुढे धरला. तीन पावलं होती. ती तीन पावलं तिने चालली आणि सिरिंज आत टाकली. बारीक टक्‌ असा आवाज झाला.

मग ती आईकडे वळली.

“तू सगळं शिकवलंस मला. सुई कशी धरायची, शीर कशी शोधायची. हे नाही शिकवलंस.”

“उकळायला शिकवलं होतं,” पाव्हलिव्हना म्हणाल्या. “तुला कंटाळा यायचा. तू डब्याचं झाकण उघडून बघायचीस, झालं का, झालं का.” त्यांनी कोटाचं वरचं बटण लावलं. ते आधीच लावलेलं होतं.

“मी आणली ही इथे,” लारिसा म्हणाली. “मी आणली. आणि तो माझ्या मागे बसायचा.”

तिने मला टेबलावरून उचललं. डोक्यावर उंच धरलं. मला वाटलं, संपलं. आणि मित्रांनो, मला हायसं वाटलं. एक आवाज, थोडे तुकडे, मग केरभरणी. पण ती थांबली. माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखली, ती माझीच होती.

“नाही,” ती म्हणाली. “तुला इतक्या स्वस्तात नाही.”

तेव्हापासून मी तिच्या पिशवीत आहे. दर बुधवारी ती तिमूरबरोबर वस्तीतली स्वयंपाकघरं फिरते. लोक याला समाजसेवा म्हणतात. स्थानिक वर्तमानपत्रात तिचा फोटोही आला होता, खाली लिहिलं होतं ‘करुणेची मूर्ती’. ती मूर्ती प्रत्येक घरात शिरते तेव्हा पहिला प्रश्न विचारते, “मोठी कुठाय?” मोठी म्हणजे माझ्यासारखी, सगळ्यांना वाटायची. ती दाखवली की तिचे डोळे असे चमकतात, की करुणा बाहेर जिन्यात थांबत असावी.

प्रत्येक घरात ती मला बाहेर काढते. बीटच्या पाण्याने मला पुन्हा गुन्हा करायला लावते. लोकांच्या नजरा माझ्यावर खिळतात. मग ती सांगते, थोडक्यात, पाढे म्हणावेत तसं. पातेल्याजवळ जुनी सुई येता कामा नये, स्वतःचीसुद्धा. प्रत्येकाची नवी, प्रत्येक वेळी नवी, आणि ज्याने त्याने नवीनेच ओढायचं. मोजायचं तर तिच्यावरही रेघा आहेत. सगळ्यांना मिळून पेला एक नाही. चमचा एक नाही. शंका असेल तर चला तपासायला, मी बरोबर येते, मला रस्ता पाठ आहे. मग त्या घरातली मोठी ती टॉवेलात गुंडाळते, जिन्यात नेते आणि हातोडीने फोडते. काच असो नाहीतर प्लास्टिक. आवाज वरपासून खालपर्यंत घुमतो. बदल्यात नव्या छोट्यांची पाकिटं आणि ज्याचं त्याचं वेगळं राहावं म्हणून माणशी एक वाटी.

झाखारने पहिल्याच महिन्यात औषधाच्या दुकानातून नवी मोठी आणली होती. प्लास्टिकची. लारिसाला ती पिठाच्या डब्यात सापडली.

“अगं, अधूनमधून,” तो म्हणाला. “नाहीतर भांडतात. आणि माझ्या घरात हात घालायचा तुला काय हक्क?”

“विधवेचा,” ती म्हणाली आणि जिन्याकडे गेली. हातोडीचे तीन आवाज आले. एक पुरला असता. त्यानंतर झाखार स्वतः तपासायला गेला. काय निघालं ते त्याने कुणाला सांगितलं नाही, पण आता गोळ्या घ्यायला तो लारिसाबरोबरच ट्रामने जातो आणि वाटेत दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

बोदानला तिने सगळं सांगितलं. बाहीत काय होतं, ती कुठे मारणार होती. तो बाकावर सूर्यफुलाच्या बिया फोडत होता. 

“आणि मारली असतीस तर?”

“तर मी चुकले असते.”

“एवढंच?”

“मग काय सांगू? पाया पडू?”

“मी माफ नाही करणार तुला,” बोदान म्हणाला. “आधीच सांगतो. मरेपर्यंत नाही.” मग त्याने बियांची टरफलं झटकली आणि हात पुढे केला. “पिशवी जड आहे. दे इकडे.”

आता बुधवारी तिघं असतात. बोदान तिच्याशी मोजकंच बोलतो आणि पिशवी एकदाही खाली ठेवत नाही.

डॉक्टरीणबाईंनी लारिसाला विचारलं होतं, गोळ्या वेळेवर घेशील का, पुष्कळजण मध्येच सोडतात. लारिसाने मला पिशवीतून काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं. “हिच्या आधी मी मरणार नाही,” ती म्हणाली. “वस्तीतली शेवटची मोठी फोडेन, आणि मग हिला. त्या दिवसापर्यंत मला जगायचंय.” डॉक्टरीणबाईंनी असं औषध पुस्तकात वाचलं नव्हतं, पण त्यांनी मान डोलावली. चार वर्षं झाली. लारिसाचं वजन वाढलं आहे. तिला केस कापायला वेळ मिळत नाही. तिच्या रक्तात तो विषाणू आता मोजण्याइतकाही सापडत नाही असं म्हणतात. माझ्याकडे बघण्याच्या नजरेत मात्र अजून एका थेंबाचा फरक नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा, पुसा, सांभाळा. माझी विनवणी वेगळी आहे. तुमच्या गल्लीत, तुमच्या इमारतीत, तुमच्या ओळखीच्या घरात एखादं पातेलं असेल आणि त्याभोवती माणसं बसत असतील, तर त्यांना हाकलू नका, त्यांच्या दारात थुंकू नका. त्यांना विचारा, मोठी कुठाय? ती घ्या आणि लारिसाकडे आणून द्या. लवकर द्या. वस्तीत अजून अकरा उरल्या आहेत, आणि त्या संपल्याखेरीज ती मला फोडणार नाही.

मला जपू नका. मी चाळीस वर्षं टिकले, तेवढं पुष्कळ आहे. जपायचंच असेल तर माझ्या सुईपुढे जो हात येतो, तो जपा.